शिडीवरचा पाव

आमच्या होल्त्सग्रुंड गावात वही घेऊन आलेला हा चौथा माणूस. पहिल्याने धुराडी मोजली, आणि वर्षाच्या आत धुराड्यांवर कर बसला. दुसऱ्याने घोडे मोजले, आणि चांगले तेवढे घोडे गेले. तिसऱ्याने मुलगे मोजले. त्यामुळे गळ्यात दोरीने बांधलेली दौत आणि काखेत वही घेऊन हा चौथा गावभट्टीच्या दारात उभा राहिला, तेव्हा मी सरळच विचारलं, "आणि आपण काय मोजायला आलात?"

त्याने टोपी काढली. "काही नाही, बाई. मी गोष्टी गोळा करतो. जुन्या. सावत्र आयांच्या, लांडग्यांच्या, बोलणाऱ्या पाखरांच्या."

"कशाला?"

"नाहीशा होतील म्हणून."

घोडे नाहीसे झाले तेव्हा कुणी आलं नाही. मुलगे नाहीसे झाले तेव्हा कुणी आलं नाही. आणि गोष्टी नाहीशा होतील म्हणून कासेल शहराहून माणूस येतो, तोही जानेवारीत, ओल्या बुटांनी. मी त्याला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. तिशीच्या आसपासचा. कॉलर स्वच्छ, पण बाह्यांची टोकं झिजलेली. हात मऊ, फक्त उजव्या हाताच्या बोटावर लेखणीचा घट्टा. नाव सांगितलं आमेलुंग. ज्याला काहीच नको असतं असा माणूस मी अजून पाहिलेला नाही. याला काय हवंय ते कळेपर्यंत याला भट्टीजवळच्या बाकावर बसवायचं, असं मी ठरवलं. लांब उभ्या माणसापेक्षा शेजारी बसलेल्यावर नजर ठेवणं सोपं.

मी ओटिलिया. गाव मला ओटीकाकू म्हणतं. नवरा गेल्यापासून तेरा वर्षं गावाची भट्टी माझ्याकडे आहे. बत्तीस घरं आणि भट्टी एक. कुणाची पाळी कधी, कुणाचं पीठ किती, कुणाचे पाव किती, सगळं माझ्या डोक्यात. सगळ्यांचे पाव एकत्रच आत जातात, म्हणून प्रत्येक घर कच्च्या पावावर आपली खूण दाबतं. कुणाची किल्ली, कुणाचं चाक, विणकराच्या लीझबेटचा हंसाचा पाय. कुठल्या घरी पाहुणा आलाय, कुठली सून रुसून माहेरी गेलीय, हे मला पाद्रीबाबांच्या आधी कळतं. पावांची संख्या सांगते.

आणि म्हणूनच मला माहीत होतं की कुनीमावशी, एकटी राहणारी म्हातारी विधवा, नोव्हेंबरपासून दोघांचे पाव भाजून नेत होती.

तिचा मुलगा फाइट त्या तिसऱ्या वहीत मोजला गेला होता. सप्टेंबरात फौजेत नेला, ऑक्टोबरात पळाला. सापडला असता तर त्याला गोळी, आणि मावशीच्या घरात शिपायांचा मुक्काम, तिचं धान्य संपेपर्यंत. मी कुणाकडे चकार शब्द काढला नव्हता, मावशीकडेही नाही. ती जास्तीचे पाव आणायची, मी ते भाजून द्यायची, आणि आम्ही दोघी थंडीबद्दल बोलायचो.

आता गावात गोष्टी सांगणारी म्हणाल तर एकच, तीही हीच.

"अहो साहेब, तुम्ही कुनीमावशीला गाठा!" लीझबेट पहिल्याच दिवशी पचकली. कणीक मळता मळता तिचं तोंडही मळत असतं. "एकेक गोष्ट अशी सांगते की पाव करपले तरी कुणी उठत नाही. विचारा ओटीकाकूंना, किती पाव करपलेत ते!"

पाव आत सरकवायचं लांब दांड्याचं फावडं माझ्या हातात होतं. ते लीझबेटच्या तोंडात सरकवावंसं वाटलं.

मावशीला नाही म्हणता येईना. चाळीस वर्षं जी बाई बोलायची थांबली नाही, ती वहीवाला आल्यावर गप्प बसली असती, तर तेच डोळ्यांवर आलं असतं. मी तिला एवढंच म्हटलं, "इथे, भट्टीवरच सांग. चारचौघींत. घरी बोलवू नकोस." तिने माझ्याकडे पाहिलं. "घरी कशाला बोलवू?" म्हणाली, "घरी थंडी असते."

तिने दगडाच्या कोंबड्याची गोष्ट सांगितली. देवळाच्या छपरावरचा दगडी कोंबडा आरवला की भाऊ सुटेल, म्हणून एक बहीण सात वर्षं त्याला दाणे घालते. गोष्ट चांगली आहे, शेवटी बायका नाकं पुसतात. साहेबांनी नाक पुसलं नाही. ते म्हणाले, "सुंदर. आता पुन्हा सांगाल? सावकाश?"

मावशीने पुन्हा सांगितली. दुसऱ्या दिवशी ते परत हजर. "तीच गोष्ट, अजून एकदा." आणि ती सांगत असताना हे कालच्या पानावरून बोट फिरवत होते.

"काल कोंबडा तीनदा आरवला होता," साहेब म्हणाले. "आज दोनदा?"

"थंडीने घसा बसला असेल त्याचा," लीझबेट म्हणाली. सगळ्या हसल्या. साहेबांनी तेही लिहून घेतलं.

मी हसले नाही. माझ्या भाच्याला मिठाच्या चोरट्या व्यापारात पकडलं होतं, तेव्हा कचेरीत त्याला असंच विचारलं होतं. एकच हकीकत आज सांग, उद्या सांग, परवा सांग, आणि बोट ठेवून ताडायचं. कुठे फरक पडला की तिथून उसवायला सुरुवात. गोष्टीत काय उसवणार, म्हणाल. पण ज्याला माणसं बोलती करायची असतात, तो राजकन्येपासूनच सुरुवात करतो.

तेव्हा मी त्याची परीक्षा घ्यायचं ठरवलं. दुपारी बायका गेल्यावर, राख ओढता ओढता, मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "गोष्टी काय, साहेब, जंगलातही आहेत. ते पलीकडचं कोळसेवाल्याचं ओस पडलेलं खोपटं, तिथे म्हणे अधूनमधून धूर दिसतो. राहत तर कुणी नाही."

खोपट्यात खरंच कुणी नव्हतं. छप्पर पडून पाच वर्षं झाली होती. धुराचं हे मी त्याच्याशिवाय कुणालाही सांगितलं नव्हतं, म्हणजे बाहेर फुटलं तर ते याच भांड्यातून गळणार.

त्याचे डोळे लकाकले. "कुणी राहत नाही आणि धूर दिसतो? कधीपासून?" आणि लेखणी सुरू.

दोन दिवसांनी सार्जंट हुंबुर्ग आपले दोन शिपाई घेऊन मांडीएवढ्या बर्फातून त्या खोपट्यावर गेला. हा सार्जंट आमच्याच मुलखातला, दोन तासांच्या वाटेवरच्या गावचा, पण गणवेश फ्रेंचांनी बसवलेल्या नव्या राजाचा. पळालेले पोरगे शोधायला त्याला आमच्या सराईत आणून ठेवला होता. रिकाम्या हातांनी परत आला, मिशीला बर्फ लागलेला, आणि त्याच्या फ्रेंच कप्तानाने सराईच्या अंगणात, गड्यांच्या देखत, त्याची अशी हजेरी घेतली की घोडेसुद्धा मान खाली घालून उभे राहिले.

मला जे हवं होतं ते मिळालं. माणूस खबऱ्या आहे. मी मावशीला सांगितलं, "उद्यापासून भट्टीवरही येऊ नकोस. पाय मुरगळला म्हण. पाव मी पोचवते."

इथेच माझा हिशेब चुकला. मावशी भट्टीवर येत नाही म्हटल्यावर साहेब तिच्या घरी गेले.

गुरुवार होता. दुपारची पहिली फेरी मी नुकतीच बाहेर काढली होती, लीझबेटच्या घरचे बारा पाव फळीवर वाफाळत होते, आणि ते निवायची वाट बघत ती कोपऱ्यात बसली होती. दार ढकलून साहेब आत आले ते टोपी न काढता, गाल लाल, जणू कुणी लग्नाला होकार दिलाय.

"बाई! बाई, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"काय सांगितलं नाही?"

"कोबोल्ड!"

कोबोल्ड म्हणजे घरातला बुटका. माळ्यावर राहतो, खाऊ घातलं तर कामं करतो, नाही घातलं तर दूध नासवतो, असं माझी आजी म्हणायची. तिच्या आजीच्या घरी होता म्हणे. आमच्यात कुणी पाहिला नव्हता आणि कुणी खाऊही घालत नव्हतं. पाद्रीबाबांना खाऊ घालतानाच नाकी नऊ येतात.

"इथे अजून चालू आहे!" साहेब म्हणाले. "सगळे म्हणतात ही चाल शंभर वर्षांपूर्वी संपली. आणि आज मी डोळ्यांनी पाहिली!"

माझ्या हातातलं फावडं मी भिंतीला टेकवलं. "वाचून दाखवा बघू," मी म्हटलं. मला छापील वाचता येतं, स्तोत्रांचं पुस्तक, पंचांग. हाताने लिहिलेलं म्हणजे मला कागदावर मुंग्या.

ते वाचू लागले. "'गोष्ट सांगता सांगता वृद्धेने पाव कापून त्याचे दोन वाटे केले. एक स्वतः घेतला. दुसरा फडक्यात गुंडाळून माळ्याच्या शिडीच्या तिसऱ्या पायरीवर ठेवला. हे कुणासाठी, असं विचारलं असता प्रथम गप्प राहिली, मग म्हणाली, वरच्यासाठी. वर खुडबुड ऐकू आली.'" साहेबांनी मान वर केली. "बाई, खुडबुड! मी स्वतः ऐकली!"

"उंदीर असतील."

"त्याही तेच म्हणाल्या! नाव घ्यायचं नसतं ना त्याचं? मी लिहिलंय तसं."

मी बाकावर बसले. तेरा वर्षांत भट्टी पेटलेली असताना मी कधी बसले नव्हते.

"साहेब, हे अजून कुणी वाचलंय?"

"अजून नाही. पण संध्याकाळी सार्जंट वाचतील. रोज वाचतात. परक्या माणसाचे कागद तपासायचा हुकूम आहे त्यांना. फार रस घेतात हो! परवा त्या धुराच्या खोपट्याचं दोनदा वाचून घेतलं."

म्हणजे हा खबऱ्या नव्हता. खबऱ्याचं काही तरी करता येतं, घाबरवता येतं, चुकीच्या वाटेने पाठवता येतं. हा प्रामाणिक माणूस होता, जे दिसेल ते तसंच्या तसं लिहिणारा, आणि रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने ते सार्जंटपुढे उघडून धरणारा.

"ते एवढं पान काढून टाकलं तर?" मी विचारलं.

साहेब असे दचकले की जणू मी त्यांचं बोट मागितलं. "पान? अहो, पहिल्याच दिवशी सार्जंटनी वहीच्या पानांवर आकडे घातलेत आणि शिक्के मारलेत. एक पान कमी झालं तर मीच आत जाईन. आणि बाई, मी लिहिलेलं कधी खोडत नाही. एक शब्द बदलला की सगळ्या वहीवरचा विश्वास उडतो."

पान काढता येत नव्हतं. फाइटला काढावं, तर मावशीच्या घरामागे जंगलापर्यंत कोरा बर्फ, भर उजेडात माग उमटला असता आणि सराईची खिडकी त्याच बाजूला. अंधार पडेपर्यंत सार्जंटचं वाचून झालं असतं. काढता येत नाही तिथे भर घालायची, एवढंच उरलं.

"साहेब," मी म्हटलं, "मावशीकडचंच काय घेऊन बसलात? आमच्या गावात घरोघर आहे."

"काय?"

"कोबोल्ड. परक्यांना सांगत नाही आम्ही. पण आता तुम्ही पाहिलंच आहे, तर चला, मी दाखवते. थांबा, एवढी राख ओढते."

मी लीझबेटला भट्टीमागे ओढलं. गावातल्या सगळ्यात मोठ्या तोंडात गावातली सगळ्यात मोठी गोष्ट घालायची होती, पण दुसरं कुणी हाताशी नव्हतं. "लीझबेट, ऐक. घाबरू नकोस. मावशीचा फाइट..."

"माळ्यावर आहे. मग?"

"तुला कुणी सांगितलं?"

"अहो काकू, अख्ख्या गावाला माहीतंय. दाढी कोण करतं त्याची? माझा नवरा. मोजे कुणी विणले? तुम्हालाच वाटत होतं तुम्हाला एकटीला माहीत आहे. तुमचं तोंड बघून आम्ही सगळे गप्प बसायचो, तुमची गंमत जायला नको म्हणून."

या वाक्याचा हिशेब मी नंतर केला. तेव्हा वेळ नव्हता. लीझबेटने आपले पाव झोळीत भरले आणि मागच्या परसांतून पळाली, आणि मी साहेबांना घेऊन पुढच्या रस्त्याने निघाले, जमेल तितकी हळू. वाटेत मला दोनदा धाप लागली आणि एकदा बुटात खडा गेला.

पहिल्या घरी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर फडक्याखाली पाव. साहेबांनी लिहिलं. दुसऱ्या घरी पाव, आणि घरची म्हातारी उत्साहाने म्हणाली, "आमचा तर बिअरचं सूपही मागतो!" मी तिच्या पायावर पाय दिला. तिसऱ्या घरी फडकंच घालायचं राहिलं होतं, तर सून म्हणाली, त्याने भिरकावलं, लहरी आहे. साहेब लिहीत होते, हसत होते, मान हलवत होते. चौथ्या घरी पाव. मला वाटलं, जमलं. काय साधा माणूस आहे, देवा, याला कुणीही विकून खाईल.

पाचव्या घरात घरचं कुणी नव्हतं. साहेब शिडीपाशी वाकले. वही बंदच होती. त्यांनी फडकं बाजूला केलं, आणि तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तळहात पावावर ठेवला.

"गरम आहे," ते म्हणाले.

मी फडकं उचलून त्याची घडी घालू लागले.

"आधीचे चारही गरम होते." त्यांनी पाव उलटा केला. "हंसाचा पाय. चारही घरांत हंसाचा पाय. पहिल्या दिवशी तुम्हीच मला सांगितलं होतं, बाई, कुठली खूण कुणाची. लिहून घेतलंय मी." त्यांनी पाव सुलटा करून ठेवला. "कुनीबाईंकडचा मात्र गार होता. त्यांच्याच खुणेचा."

मी ज्याला साधा समजत होते, तो पहिल्या घरापासून माझे पाव तपासत होता.

"तर मग कोबोल्ड नाही," साहेब म्हणाले. असं म्हणाले की मला वाईट वाटलं. कुणी तरी गेल्याचं कळावं, तसा चेहरा झाला होता त्यांचा. मग एकदम, हळू आवाजात, "वय काय त्याचं?"

"कुणाचं?"

"त्या वरच्याचं."

नाही म्हणायला हवं होतं. उंदीर म्हणायला हवं होतं. तेरा वर्षं मी माणसं जोखत आले, आणि त्या क्षणी तराजूच्या दोन्ही बाजूंना सारखंच वजन. "बावीस," मी म्हटलं.

त्यांनी वही उघडली आणि उभ्या उभ्या लिहू लागले. पानभर. माझ्या हाताच्या अंतरावर त्या मुंग्या भराभरा रांगेत चालल्या होत्या, आणि त्यांनी काय वाहून नेलं ते मला कळत नव्हतं. वाचून दाखवा म्हणायचं धाडस झालं नाही. शाई वाळल्यावर त्यांनी वही मिटली, टोपी घातली आणि सराईकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कांद्याचा केक भट्टीत घातला होता, शुक्रवारचा असतोच. लीझबेट माझ्याबरोबर होती. आदल्या संध्याकाळपासून ती बोललेली नव्हती, आणि तिचं न बोलणं मला सार्जंटपेक्षा जास्त भीतीचं वाटत होतं. एवढ्यात सार्जंट हुंबुर्ग आला. काखेत साहेबांची वही.

"काय काकू," म्हणाला, "तुमच्या गावात म्हणे बुटके राहतात."

"राहतात. तुमच्याकडे नाहीत?"

"माझ्या आईने कधी कुणाला शिडीवर पाव ठेवला नाही."

"म्हणून तर तुमच्याकडच्या गाई आटतात."

तो हसला नाही. वही उघडून दाराजवळच्या उजेडात धरली आणि वाचू लागला. आधी मावशीचं पान, खुडबुडीसकट. वाचून माझ्याकडे पाहिलं. मी कांद्याच्या केककडे पाहिलं. मग त्याने पान उलटलं. "'अशीच चाल मी त्याच दिवशी अन्य पाच घरांत पाहिली. कुणास विचारले तरी नाव घेत नाहीत. ठेवलेला पाव मागील आठवड्याचा, दगडासारखा कडक, उंदरांनी कुरतडलेला. प्रत्येकावर त्या त्या घराची खूण. कुणी माणूस तो खाऊ शकेल असे वाटत नाही.'" त्याने वही मिटली. "मागच्या आठवड्याचा पाव, काकू?"

माझ्या डोळ्यांपुढे ती पाच घरं आली. पाचही शिड्यांवर कालचे हंसाच्या पायाचे मऊ पाव, आणि मावशीच्या शिडीवर बहुतेक आजचा.

"मागच्या आठवड्याचाच," मी म्हटलं. "ताजा परवडतो कुणाला?"

"चला, बघून येतो एकेक."

"बघा की. पण केक आत्ताच बाहेर काढतेय. कडेचा तुकडा देऊ, डुकराच्या चरबीचा?"

आता हा सार्जंट उभ्या उभ्या दोन घासांत खाणारा माणूस. सराईवाली त्याच्या नावाने बोटं मोडते, ताट ठेवेपर्यंत रिकामं होतं म्हणून. तो त्या दिवशी बाकावर बसला. तलवार सोडून बाजूला ठेवली. एक तुकडा खाल्ला, गरम आहे म्हणून फुंकून फुंकून. दुसरा मागितला. तिसऱ्याला म्हणाला, कांदा जरा जास्त परतायला हवा होता. मी वळून पाहिलं तर लीझबेट जागेवर नव्हती. तिसरा तुकडा संपवून त्याने मिशी पुसली, तलवार बांधली, आणि बाकीची घरं सोडून सरळ कुनीमावशीच्या घराकडे वळला. मी मागोमाग गेले. भट्टीवर थांबून राहणं जास्त कठीण होतं.

मावशी चरख्यापाशी बसली होती. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर फडकं. सार्जंटने ते उचललं. खाली काळपट, वाळून कोळ झालेला पावाचा तुकडा, मावशीच्या खुणेचा अर्धा भाग दिसत होता. कुणाच्या कोंबड्यांच्या भांड्यातून लीझबेटने तो उचलला, ते तिने मला अजून सांगितलेलं नाही. सार्जंटने तो शिडीच्या दांड्यावर आपटला. टक्. टक्. मग वर माळ्याच्या झडपेकडे बघत उभा राहिला. बराच वेळ.

"चढून बघू का मावशी, तुमच्या बुटक्याला?"

"चढ बाबा," मावशी म्हणाली. चरखा थांबला नाही, पण सूत तुटलं होतं आणि चाक नुसतंच फिरत होतं. "वरची पायरी खिळखिळी झालीय तेवढी. मागे माझा नवरा पडला होता तिच्यावरून."

"मग राहू दे," सार्जंट म्हणाला. "एकदा खोपट्यापायी बोलणी खाल्ली. आता बुटक्यापायी कोण खाणार." त्याने पाव होता तिथे ठेवला, फडकं नीट घातलं, चारी कोपरे ओढून, आणि निघून गेला.

सोमवारी बर्फ वितळला, चिखलात कुणाचाच माग ओळखू येईना, आणि फाइट सीमेपलीकडे मावशीच्या भावाकडे गेला. त्या दिवशी साहेबही निघाले. गाडी भट्टीसमोरच थांबते. मी त्यांना वाटेसाठी एक पाव दिला आणि गाडीवान घोड्याला पाणी पाजत होता तेवढ्यात विचारून घेतलं.

"साहेब, तुम्ही तर एक शब्द बदलत नाही."

"नाही बदलत."

"मग शिळा पाव कुठून आला?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, अगदी निर्मळ डोळ्यांनी. "तुम्हाला माझं अक्षर वाचता येतं?"

"नाही. सार्जंटनी वाचून दाखवलं."

"मग सार्जंट वाचताना चुकले असतील," साहेब म्हणाले आणि गाडीत चढले.

मी तिथेच उभी राहिले, गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी. मला वाटलं होतं, कोण खोटं बोललं ते मला माहीत आहे. आता माझ्याकडे दोन माणसं होती आणि खोटं एकच.

त्या आठवड्यात सार्जंट केकसाठी आला तेव्हा मी सहज म्हटलं, "त्या साहेबांचं अक्षर वाचायला जड असेल नाही?"

"मला?" तो म्हणाला. "मोत्यासारखं अक्षर. लहान पोरसुद्धा वाचेल." आणि दोन घासांत तुकडा संपवून, उभ्या उभ्या, गेला.

पुढे नवा राजा पळाला, फाइट परत आला, लीझबेटच्या पुतणीशी त्याचं लग्न झालं. साहेबांचं पुस्तक छापून आलं तेव्हा पाद्रीबाबांनी मागवलं. छापील होतं म्हणून मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्वतः वाचलं, तीन रविवार लागले. दगडाचा कोंबडा आहे, तीनदा आरवतो. कोबोल्ड कुठेच नाही. शिळा नाही, गरम नाही, अख्खा वगळलाय.

मावशी म्हणते, "ओटी, कशाला डोकं शिणवतेस? दोघांच्याही नावाने प्रार्थना करून टाक." ती स्वतः रोज करते, दोघांची, एका दमात. मी नाही करत. अर्धी प्रार्थना चुकीच्या माणसाला गेली, तर ती परत कशी मागायची?